कपेलाच्या जोत्याखालची वाळू चालली आहे. पावसाळ्याआधी काय करावं?

किनारा_सासष्टी: गोव्यातल्या सासष्टीच्या किनाऱ्यावरचं जुनं कपेल, म्हणजे छोटं चर्च. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर मंगळुरी कौलं, पुढे पायऱ्या आणि खुरीस (क्रूस). भरतीची रेघ पायऱ्यांपासून 12 मीटरवर आली आहे. दक्षिण कोपऱ्यात जोत्याचे खालचे चिरे उघडे पडलेत आणि दर्शनी भिंतीला तिरकी भेग गेली आहे. गावात दोन सूचना आहेत: समोर काळे दगड टाकून बांध घालायचा आणि जोत्याला सिमेंटचा गिलावा करायचा. हे कपेल हातचं जाऊ द्यायचं नाही. आधी काय करावं?

चुना_आणि_चिरा: सिमेंट अजिबात नको. चिरा सच्छिद्र असतो, खारं पाणी त्यातून वर चढतं आणि चुन्याच्या गिलाव्यातून सुकून बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बंद होते. मग मीठ गिलाव्याच्या मागे साचतं, चिऱ्याचा पोपडा सुटतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पडताना चिऱ्याचा थरही घेऊन पडतो. उघडा चिराही टिकत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचा गिलावा 1950च्या दशकात काढला, तेव्हापासून तो दगड पावसात झिजतोच आहे.

प्रमाण 1 भाग मुरवलेला चुना, 3 भाग धुतलेली नदीची वाळू. समोरची समुद्राची वाळू वापरलीत तर मीठ स्वतःच्या हाताने भिंतीत भरलंत असं समजा. पण मे महिन्यात हे काम काढू नका. चुन्याला घट्ट व्हायला वेळ लागतो, त्याआधीच पाऊस तो धुऊन नेईल. ऑक्टोबरनंतर करा.

भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात, पण ती फुटली एवढंच कळतं, भेग किती वाढली ते कळत नाही. त्यापेक्षा भेगेच्या दोन्ही बाजूंना स्टीलची एकेक पिन बसवा आणि दर आठवड्याला, सकाळी ठरावीक वेळी, व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या साधनाने) अंतर मोजून वहीत लिहा. दुपारच्या उन्हात भिंत फुगते, आकडे फसवतात. अंतर वाढतच राहिलं तर पाया अजून खचतो आहे.

जोत्याखाली आधार देताना एका वेळी साधारण 1 मीटरचाच टप्पा उघडा. तो भरून घट्ट झाल्याशिवाय शेजारचा खणायचा नाही. सलग चर खणला तर कोपरा बसलाच. हे स्ट्रक्चरल इंजिनियर उभा असतानाच.

वाळूचा_हिशेब: ते 12 मीटर कोणत्या महिन्यातले? पावसाळी लाटा वाळू उथळ पाण्यात ओढून नेतात आणि ऑक्टोबरनंतर ती हळूहळू परत येते. ऑगस्टचं माप मेच्या मापाशी ताडलं तर काहीच कळणार नाही. कपेलाच्या कोपऱ्यापासून मोजा, दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच ओहोटीला. मेपासून मेपर्यंत रेघ कपेलाच्या दिशेने सरकली तरच ती खरी धूप.

दगडी बांधाला माझा विरोध आहे. लाट त्यावर आपटून परतते, पायथ्याची वाळू उपसते, दगड खाली बसतात आणि बांधाच्या दोन्ही टोकांना शेजारची जमीन कापली जाते. तातडीचा उपाय म्हणून वाळू भरलेल्या जिओटेक्स्टाइलच्या (मजबूत कृत्रिम कापडाच्या) पिशव्या बऱ्या, पण खाली गाळणीचं कापड हवं आणि सर्वांत खालची रांग पावसाळ्यात वाळू जिथपर्यंत उपसली जाते त्याच्याही खाली गाडलेली हवी. बहुतेक ठिकाणी इथेच कसूर होते. पिशव्यांसाठी बाजूच्या टेकाडांची वाळू उचलू नका, त्याच टेकाडांवर कपेल टिकून आहे. तिथे मर्यादवेल लावा, ही किनाऱ्यावरची वेल वाळू धरून ठेवते. सुरूची झाडं नकोत, वाळू गेली की ती मुळासकट आडवी होतात, पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर जाऊन बघा.

काम सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) येतं, त्यामुळे गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी लागेल. पंचायत आणि फाब्रिक (चर्चचा कारभार बघणारी समिती) यांनी मिळून जलस्रोत खात्याकडे अर्ज करावा, सोबत मापांची वही आणि फोटो जोडावेत.

आल्तार_लाकूडकाम: भेग रुंदावते आहे असं दिसलं तर पावसाची वाट न बघता आल्तार (कपेलातली लाकडी वेदी) उतरवा. आधी समोरून आणि बाजूंनी फोटो काढा, मग प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधा. रंगावर किंवा सोन्याच्या वर्खावर चिकटपट्टी लावू नका, सोलताना वर्ख निघून येतो. प्लॅस्टिकमध्येही गुंडाळू नका, आत घाम धरून बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून वर, हवेशीर खोलीत ठेवा. मूर्तींची यादी दोन प्रतींत करा, एक पाद्रींकडे आणि एक फाब्रिककडे.