‘वाडा परिवार’ ग्रुप: काकूंची मेलबर्नची बॅग

सुषमाकाकू: शुभ सकाळ. सगळ्यांनी वाचावं म्हणून ग्रुपवरच लिहून राहिली आहे. आम्ही १२ मेला अविनाशकडे चाललो आहोत, तिकडे दुकान टाकायला नाही. काल संध्याकाळी फिरून आले तं सोफ्यावर बसायला जागा नाही. नुसत्या पिशव्या. कोणाच्या ते ज्याचं त्याला माहीत. यांनी वॉचमनकडून घेऊन ठेवल्या, विचारलंही नाही.

दिलीपकाका: मी झोपलो होतो.

सुषमाकाकू: मग रजिस्टरवर सही झोपेत केली का?

नंदाआत्या: अगं सुषमा, माझी तर एकच छोटी डबी आहे. मुठीत मावेल एवढी.

सुधीरकाका: ओझे वाटून घेतले की हलके होते. सुप्रभात 🌹🙏

सुषमाकाकू: सुधीरभाऊजी, बरं झालं आठवण केली. दोन पिशव्या प्रतापनगरला पाठवते. वाटून घेऊ.

मुन्ना: 😂😂 बाबा आऊट

सुधीरकाका: तो फॉरवर्ड होता वहिनी. रोजचा.

रोहित पुणे: मामी, पिशव्यांमध्ये काय काय आहे ते एकदा लिहा ना. ऑस्ट्रेलिया आहे, दुबई नाही. अर्धं सामान तिथल्या विमानतळावरच कचऱ्यात जाईल.

सुषमाकाकू: संत्रा बर्फीचे डबे. तूरडाळ. भिवापुरी मिरच्या अख्ख्या, देठासकट. जिरं. खव्याचे पेढे. मूगवड्या, कुरडया, तिळाची चटणी. आणि कोण्या शहाण्यानं मृग बहाराची संत्री दिली आहेत, त्यातली दोन आत्ताच मऊ पडली.

मुन्ना: शहाणा मी. अविनाशदादा दर वर्षी फोटो टाकतो ना, ‘मिसिंग नागपूर’ म्हणून. म्हटलं घे बावा.

रोहित पुणे: संत्री तं विसराच. ताजं फळ, भाजी, कढीपत्त्याची काडीसुद्धा चालत नाही. बर्फी आणि पेढेही नाही. दुधाचे पदार्थ फक्त जिथे लाळ्या-खुरकूत नाही त्या देशांतूनच आत घेतात. आपल्याकडे जनावरांना तो रोग आहे, त्यामुळे पेढा, बर्फी, रसगुल्ला, गुलाबजाम सगळं बाद.

सुधीरकाका: सीलबंद डबा आहे, हल्दीरामचा! त्यात कुठली जनावरं?

रोहित पुणे: मामा, डबा कितीही सीलबंद असो. आत दूध आहे ना.

सुषमाकाकू: म्हणजे नागपूरचं नाव ज्यानं आहे ते दोन्ही गेलं. संत्रं पण अन् बर्फी पण.

मुन्ना: सावजी रस्सा न्या काकू. विमानात सांडला की सीट आपोआप रिकामी.

नंदाआत्या: माझ्या डबीत दुधाचं काही नाही हं. सांगून ठेवते.

रोहित पुणे: डाळ, तांदूळ, हरभरे, अख्खं जिरं, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या, शेंगदाणे यांवर भारतातून जाणाऱ्यांना बंदी आहे. खपरा भुंगा म्हणून किडा असतो, साठवलेल्या धान्याचा. तो आत शिरू नये म्हणून २०२० पासून फार कडक केलं आहे. एक पसाभर डाळसुद्धा नाही.

नंदाआत्या: मिरच्या पण?

रोहित पुणे: मिरच्या पण, आई.

नंदाआत्या: 😔

सुषमाकाकू: नंदाताई, म्हणजे ती डबी मिरच्यांची आहे का? छोटी कशी मग? मला वाटलं मेतकूट आहे.

नंदाआत्या: घट्ट भरली आहे. कुटून देऊ का? तिखट तरी चालेल ना?

अपर्णा: आत्या, प्लीज. आईला फॉर्म भरायची आधीच भीती वाटून राहिली आहे.

सुषमाकाकू: मला कशाचीही भीती नाही. अपर्णा, घरातल्या गोष्टी ग्रुपवर लिहू नको.

रोहित पुणे: मामी, घाबरायचं कारणच नाही. उतरायच्या आधी विमानात एक कार्ड देतात. त्यात ‘तुमच्याजवळ खाण्याचं काही आहे का’, ‘लाकडाचं, झाडापाल्याचं काही आहे का’ असं विचारतात. तिथे ‘होय’वर खूण करायची. मग अधिकारी बॅग उघडून बघतात. नसेल चालत तर काढून घेतात आणि जाऊ देतात, दंड नाही. ‘नाही’ लिहून वस्तू सापडली तर हजारो डॉलर दंड, आणि व्हिसाही रद्द करू शकतात. लोक नेमके इथेच हुशारी करतात. कुरडया, वड्या, चटणी न्यायचीच असेल तर एका पिशवीत वर ठेवा आणि ‘होय’ लिहा.

दिलीपकाका: वेकोलित, कोळशाच्या कंपनीत, ३४ वर्षं काढली. बॅग रोज गेटवर उघडून दाखवत होतो. सवय आहे.

सुधीरकाका: परदेशी जाताना ही १० कामे नक्की करा 👇 शक्य तितक्या ग्रुपवर पाठवा

मुन्ना: बाबा, हे तुम्ही रविवारी पण टाकलं होतं.

सुधीरकाका: कोणी वाचत नाही म्हणून परत टाकलं.

अपर्णा: सुधीरकाका, त्यात लिहिलंय ‘पासपोर्ट सोबत ठेवा’. हे आम्हाला कळतं हो.

सुषमाकाकू: रोहित, यांच्या गोळ्यांचं काय? बीपी, शुगर, थायरॉईड मिळून एक पिशवी होते.

रोहित पुणे: तीन महिन्यांपर्यंतच्या चालतात. गोळ्या स्ट्रिपमधून काढू नका. आपल्याकडे आठवड्याच्या डबीत भरून ठेवतात ना, ते तिथे गेल्यावर करा. डॉक्टरांचं इंग्रजीत लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत. आणि इन्शुरन्स काढला का? तिथलं सरकारी मेडिकेअर आपल्याला लागू नाही, भारताशी तसा करार नाही. मामांची शुगर इन्शुरन्सच्या फॉर्मवर लपवू नका. लपवली की क्लेम बुडाला.

दिलीपकाका: पंचाहत्तर पूर्ण म्हणून व्हिसाच्या वेळी माझं सगळं मेडिकल झालं. तुझ्या मामीचं नाही झालं. अजूनही मला ऐकवते की तुम्हालाच तपासलं.

नंदाआत्या: व्हिसा किती दिवसांचा मिळाला म्हणे?

सुषमाकाकू: तीन महिने राहता येतं.

नंदाआत्या: तीन महिने!! पुतण्याकडे?

सुषमाकाकू: राहता येतं म्हटलं. राहणार म्हटलं नाही.

नंदाआत्या: नाही गं, मी आपलं काळजीनं म्हटलं. परक्या देशात दोघं नोकरी करतात, पोट्टे लहान. आपण कितीही म्हटलं तरी

नंदाआत्या: हा मेसेज डिलीट केला आहे

मुन्ना: आत्या, सगळ्यांनी वाचला.

अपर्णा: मी नाही वाचला. काय होतं?

मुन्ना: ‘मालतीवहिनींना तरी चार दिवसांच्या वर माणसं कुठे चालतात’

अपर्णा: मुन्ना!! भैताड आहेस का, त्या ग्रुपमध्ये आहेत.

मुन्ना: तिकडे झोपले असतील सगळे.

रोहित पुणे: ते आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहेत मुन्ना. तिकडे दुपार आहे. निळ्या टिका पण आल्या.

सुधीरकाका: आईंच्या वेळी तिकीट मिळालं नव्हतं, तेराव्याला पोचले. आता तिकीट पाठवतात. कालाय तस्मै नमः.

दिलीपकाका: सुधीर, विषय तो नाही.

सुधीरकाका: मी विषय काढला नाही. मी वाक्य टाकलं.

सुषमाकाकू: तिकीट कोणी पाठवलं नाही. आमच्या पैशानं काढलं आहे. हे एकदा सर्वांनी नीट समजून घ्यावं. आणि मी पोरं सांभाळायला चालली आहे असं जे गोकुळपेठेत बोलल्या जाऊन राहिलं, तेही कानावर आलं आहे.

रोहित पुणे: व्हिजिटर व्हिसावर काम करायला बंदीच आहे मामी. पोळ्या लाटल्या तर आम्ही इथून कळवू 😄

सुषमाकाकू: तू काय हसून राहिला. तुझी पण पिशवी आहे त्यात. शेंगदाण्याची चटणी.

रोहित पुणे: ती आईनं माझ्या नावानं दिली असेल.

नंदाआत्या: मी नाही दिली. माझी एकच डबी होती.

अविनाशदादा: नमस्कार काका, काकू, आत्या. मीटिंगमध्ये होतो, आत्ता सगळं वाचलं. रोहित बरोबर सांगतोय. इथे टार्नीटला आमच्या घराजवळच तूरडाळ, पोहे, साबुदाणा सगळं मिळतं, नाहीतर डँडनाँगला लिटल इंडिया आहेच. जागा वाया घालवू नका, गरम कपडे आणा. मे महिन्यात रात्री तापमान दहा अंशांच्याही खाली जातं, दुपारी ऊन, मग पाऊस, मग वारा. काकांना कानटोपी लागेलच.

दिलीपकाका: इथे कालच ४३ होतं. कूलरमध्ये पाणी भरता भरता जीव गेला. कानटोपी कुठे मिळेल आत्ता?

मुन्ना: बर्डीवर विचारा. दुकानदार आधी तुम्हालाच पाणी पाजेल.

अविनाशदादा: दिल्लीहून थेट फ्लाइट आहे, बारा तासांच्या आसपास. काका, दोघांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवा. पैसे लागत नाहीत, आणि दिल्लीला टर्मिनलमध्ये फार चालावं लागतं.

दिलीपकाका: मी रोज अंबाझरीला फेरी मारतो. व्हीलचेअर कशाला?

सुषमाकाकू: सांगून ठेव रे अविनाश. हे फेरी मारत नाहीत, बेंचवर बसतात.

मुन्ना: दादा, काकांना एमसीजी स्टेडियम दाखव. एक लाख लोक बसतात म्हणे.

सुधीरकाका: आपलं जामठा काय कमी आहे.

मुन्ना: बाबा, निम्म्याहूनही कमी आहे. आणि जामठ्याहून परत यायला ऑटो मिळत नाही, तो वेगळा विषय.

सुधीरकाका: मागच्या मॅचला तू मला तिथे सोडून मित्रांसोबत निघून आला होता, तोही वेगळाच विषय का?

अपर्णा: हे तुमच्या घरच्या ग्रुपवर घ्या ना.

नंदाआत्या: अविनाश बेटा, तुला भिवापुरी मिरची मिळते का तिकडे?

अविनाशदादा: नाही आत्या, ती नाही मिळत.

नंदाआत्या: बघा. म्हणूनच मी म्हणत होते, एक छोटी डबी.

रोहित पुणे: आई!

अविनाशदादा: काकू, किती दिवस राहायचं याचा हिशेब करू नका. मेघनानं जूनची सुट्टी टाकली आहे. महाराष्ट्र मंडळाच्या लोकांनाही सांगून ठेवलंय तुम्ही येताय म्हणून. आणि आई सकाळपासून फोन हातात घेऊन बसली आहे, टाइप करतेय आणि खोडतेय. आई, पाठव आता.

मालतीकाकू: सुषमा, दिलीपभाऊजी, या. चार दिवसांचं मी कोणाला कधी म्हटलं ते मला आठवत नाही. नंदाला आठवत असेल.

नंदाआत्या: वहिनी, ते ऑटोकरेक्ट झालं होतं 🙏🙏

मालतीकाकू: असेल. सुषमा, बर्फी, मिरच्या काही नको. एकच आण. महाल भागातल्या वाड्याच्या कागदांची झेरॉक्स, पूर्ण, नकाशासकट. सुधीरभाऊजी दोन वर्षं झाली ‘पाठवतो’ म्हणतात.

सुधीरकाका: वहिनी, नेट स्लो आहे.

सुषमाकाकू: आणते, वहिनी. पण मूळ कागद शिसवी पेटीतच राहतील. आणि पेटी माझ्याकडे राहील.

मालतीकाकू: पेटी आमच्या सासूबाईंची आहे.

सुषमाकाकू: माझ्याही त्या सासूबाईच होत्या.

दिलीपकाका: 👍

अपर्णा: बाबा, कशाला थम्सअप देऊन राहिले तुम्ही?

मुन्ना: रोहितदादा, पेटीच घेऊन गेल्या तर? डिक्लेअर करावी लागेल का?

रोहित पुणे: लाकडाची आहे. लागेल.