शब्दचर्चा: पुनर्जनन, पुनरुत्पादन, भरून येणे

पाणकणीस
शाळकरी मुलांसाठीच्या एका पुस्तिकेत ही चार वाक्ये आली आहेत: 'ॲक्सोलॉटल पायाचे पुनरुत्पादन करतो', 'पालीची शेपटी पुन्हा जशीच्या तशी येते', 'कापलेल्या यकृताचे पुनर्जनन होते', 'जखमेचे पुनर्जनन होते'. (ॲक्सोलॉटल म्हणजे पाण्यात राहणारा, सॅलॅमँडर गटातला एक उभयचर प्राणी.) यांतले कोणते चालेल? शिवाय ब्लास्टेमाला, म्हणजे तुटलेल्या जागी नवा अवयव घडवायला जमणाऱ्या पेशींच्या उंचवट्याला, मराठीत काय म्हणावे?

कोरांटी
'पुनरुत्पादन' आधी काढा. जीवशास्त्रात तो शब्द नवा जीव जन्माला येण्यासाठी वापरला गेला आहे आणि वाचकाला तोच अर्थ आठवेल. 'पुनर्जनन' रुळलेला आहे. मात्र शाळेत तो अलैंगिक प्रजननाच्या पाठात भेटतो, कारण प्लॅनेरिया या चपट्या कृमीचे दोन तुकडे झाले तर दोन प्राणी तयार होतात. ॲक्सोलॉटलचा पाय परत आला तरी प्राणी एकच राहतो, हे एका वाक्यात सांगून टाकावे.

क्रियापदाकडेही पाहा. 'पुनर्जनन करतो' हे ओढूनताणून वाटते. 'ॲक्सोलॉटलचा तुटलेला पाय पुन्हा फुटतो' म्हटले की मराठी झाले. झाडाला फुटवा येतो, तसेच हे 'फुटणे'.

तिरफळ
'जखमेचे पुनर्जनन' चूक आहे. जखम भरून येते. माणसाच्या खोल जखमेत तंतुजनक पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे टाकतात, भोक बुजते आणि वण राहतो. ॲक्सोलॉटलमध्ये सुरुवातीलाच वाट वेगळी होते. पाय कापल्यावर साधारण दिवसभरात बाह्यत्वचेच्या पेशी सरकून जखम झाकतात, पण त्यांच्याखाली अंतस्त्वचेचा थर नसतो. हे पातळ आवरण जाड होते आणि त्याच्याखाली पेशींचा शंकूच्या आकाराचा उंचवटा जमतो. तो ब्लास्टेमा. त्यातून पुढे कूर्चा, स्नायू आणि बोटे आकार घेतात.

हे कुठे अडते, तेही पुस्तिकेत यावे. कापलेल्या टोकावर पूर्ण जाडीची त्वचा ओढून शिवली तर पाय फुटत नाही. पायाचे मज्जातंतू तोडले तरी फुटत नाही. सॅलॅमँडरमधली ही गोष्ट टॉड या संशोधकाने 1823 मध्येच नोंदवली होती. 2013 च्या प्रयोगात ॲक्सोलॉटलच्या शरीरातल्या भक्षकपेशी काढून टाकल्या, तेव्हा पायाच्या जागी वण धरला. म्हणजे 'भरून येणे' आणि 'पुन्हा फुटणे' हे एकाच जखमेचे दोन शेवट आहेत. शब्द वेगळे ठेवले तरच हा फरक मुलांना कळेल.

कोरांटी
ब्लास्टेमासाठी 'मुकुल' सुचवणारे आहेत. मला ते पटत नाही. हायड्राच्या अंगावर नवा हायड्रा येतो त्याला आपण मुकुलायन म्हणतो, त्यामुळे गोंधळ नक्की.

पाणकणीस
मग 'मूलपेशींचा गोळा'?

तिरफळ
ॲक्सोलॉटलसाठी नको. त्यातून असे वाटेल की त्या गोळ्यातली कोणतीही पेशी काहीही बनते. 2009 मध्ये जीवशास्त्रज्ञ एली तानाका यांच्या गटाने चमकणाऱ्या प्रथिनाची खूण लावून पेशींचा माग काढला. स्नायूंतून आलेल्या पेशींनी स्नायूच बनवले, कूर्चा बनवली नाही. पेशी आपले मूळ फारसे विसरत नाहीत. प्लॅनेरियात गोष्ट निराळी आहे. तिथे निओब्लास्ट नावाच्या मूलपेशी आहेत आणि 2011 मध्ये किरणोत्साराने सर्व निओब्लास्ट मेलेल्या प्राण्यात अशी एकच पेशी बाहेरून टोचून तो वाचवता आला होता. मी 'ब्लास्टेमा' तसाच ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'नव्या अवयवाचा पेशीपुंज' असे लिहीन.

कोरांटी
यकृताबद्दल. डॉक्टरही पुनर्जनन म्हणतात, म्हणून शब्द चुकीचा ठरवू नका, पण खुलासा द्या. हिगिन्स आणि अँडरसन यांनी 1931 मध्ये उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढण्याची पद्धत मांडली. त्यात काढलेले खंड परत येत नाहीत, उरलेले खंड फुगतात आणि एकूण वजन भरून निघते. म्हणून 'भरपाईची वाढ' हा शब्दप्रयोग जास्त नेमका आहे.

पालीच्या वाक्यातून 'जशीच्या तशी' काढाच. पाल शेपूट टाकते तेव्हा ती दोन मणक्यांच्या मध्ये तुटत नाही, मणक्यातच असलेल्या ठरावीक फटीतून तुटते. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते. त्यामुळे त्या भागात पुन्हा ठरलेल्या जागी तुटण्याची सोय नसते. पुढच्या वेळी शेपूट बुडाकडच्या जुन्या भागात तुटते. टाकण्याच्या क्रियेला 'स्वविच्छेदन' म्हणतात, पण मुलांसाठी 'शेपूट टाकणे' उत्तम आहे.

पाणकणीस
तुटले तेच परत येते, असे तरी लिहू शकतो का?

तिरफळ
बहुतेक वेळा. मनगटातून कापले तर पंजाच येतो, दंडातून कापले तर कोपरासकट पुढचा सगळा भाग. पण अ जीवनसत्त्वाचे रूप असलेले रेटिनॉइक आम्ल दिले, तर मनगटावरच्या कापातूनही दंडापासूनचा अख्खा पाय फुटू शकतो. त्याहून थक्क करणारी नोंद ओडिशातली आहे. उत्कल विद्यापीठाच्या प्रियंवदा मोहंती-हेजमादी आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवले, की शेपूट कापलेल्या बेडूकपिल्लांना अ जीवनसत्त्व दिले तर शेपटीच्या जागी पाय येतात. याला नुसते 'पुनर्जनन' म्हणता येत नाही, कारण गेले एक आणि आले दुसरे. 'अवयवांतर' हा शब्द मी सुचवतो. कोणाकडे याहून सोपा असेल तर हवा आहे.

कोरांटी
'अवयवांतर' चांगला आहे, रूपांतराच्या ओळीतला. मुलांसाठी मात्र 'शेपटीच्या जागी पाय फुटले' एवढे पुरे.

आणखी एक सूचना. पुस्तिकेत सांबर घेणार असाल तर 'शिंगे' लिहिताना सावध राहा. सांबर आणि चितळ नरांची शिंगे हाडाची असतात, गळतात आणि पुन्हा फुटतात. काळविटाच्या शिंगात हाडाच्या गाभ्यावर केराटिनचे (नखांत असते त्या प्रथिनाचे) आवरण असते आणि ते आयुष्यभर टिकते. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून 'सांबराची गळणारी शिंगे' असे विशेषण लावूनच लिहा.