मदत हवी आहे: टकोमाला कॅम्पर शेल बसवावा का? (डेन्व्हर परिसर)

निवांतपणी

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०२१ ची टोयोटा टकोमा पिकअप ट्रक आहे. डबल कॅब, फोर बाय फोर, मागे पाच फुटी हौदा. राहायला डेन्व्हरच्या दक्षिणेला. ट्रक घेतला तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांसमोर डोंगर होते आणि माझ्या डोळ्यांसमोर बागेची माती. आता त्याच्या डोक्यात कॅम्पर शेल (हौद्यावर बसवायचं खिडक्यावालं कडक झाकण) शिरलाय. रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून रंग आणि खिडक्या बघणं चालू. मला मात्र हो म्हणावं की नाही ते कळत नाहीये.

त्याचं म्हणणं असं. जुलै-ऑगस्टात इथे डोंगरात दुपार झाली की ढग गडगडायला लागतात, तंबू ठोकेपर्यंत सगळं भिजतं. शेल असला की हौद्यात गादी टाकायची आणि झोपायचं. चांगल्या कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि बघता बघता संपतं, ते नको. नॅशनल फॉरेस्टात परवानगी आहे तिथे गाडी लावली की मुक्काम. हिवाळ्यात स्कीचं सामान कुलपात राहील, हा वरचा फायदा.

माझी अडचण अशी की हा ट्रक फक्त आमचा राहिलेला नाही. आमच्या मंडळात ट्रकवाले आम्हीच. गणपतीचं प्लायवूडचं मखर, घडीची टेबलं, पावभाजीचे मोठे तवे, दिवाळीला भाड्याचे स्पीकर, सगळं आमच्याच हौद्यातून जातं. मखर उभं बांधून न्यावं लागतं. शेलखाली ते जाणारच नाही. वसंतात मल्च (बागेत मातीवर पसरायचा लाकडाचा चुरा) आणते तेव्हा दुकानवाला लोडरने वरून ओततो आणि दोन मिनिटांत मोकळा होतो. शेल असेल तर फावड्याने भरायचं का? (आणि ते कोण भरणार, हे सांगायला नकोच.)

उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे येतात, तेव्हा आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि ते दोघं असे पाच जण निघतो. सामान मागे उघड्यावर, वर ताडपत्री. शेल असता तर बरं झालं असतं हे मलाही दिसतं, म्हणून तर धड नाही म्हणवत नाही.

डीलरने गाडीच्या रंगाचा नवा फायबरग्लासचा शेल साडेतीन हजार डॉलरच्या पुढे सांगितला, शिवाय दोनेक महिने थांबायचं. मार्केटप्लेसवर जुने आठशे-हजारात दिसतात, पण रंग जुळत नाही.

कोणी वापरलाय का? दोन मोठी माणसं आणि एक मूल खरंच आत झोपू शकतात का? नवरा पाच फूट दहा इंच आहे. काढ-घाल करणं कितपत कटकटीचं? आणि आपल्याकडच्या गारांचं काय?

घाटवेडा

घ्या हो, विचार कसला करताय! आणि घेतल्यावर फोटो टाका.

स्पॅनर_दादा

निवांतपणी, मी टकोमावर बरीच वर्षं शेल वापरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवऱ्यालाही वाचायला द्या.

आधी टेप काढा आणि हौदा मोजा. तुमच्या हौद्याची आतली लांबी साडेसाठ इंच, म्हणजे पाच फूट आणि वर अर्धा इंच. पाच फूट दहाचा माणूस त्यात सरळ मावत नाही. तिरका झोपला तर मावतो, पण मग तो एकटाच. दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी साडेएकेचाळीस इंच आहे. तेवढ्यात नवरा, तुम्ही आणि लेक? टेलगेट, म्हणजे हौद्याचं मागचं फळकूट, खाली पाडून पाय बाहेर काढता येतात, पण मग मागची बाजू उघडी. तिथे पडदा किंवा जोडतंबू लावायचा म्हणजे पुन्हा पावसात ठोकाठोकी आलीच.

आता यूट्यूबवर लोक काय करतात, तर चाकांच्या उंचवट्यांवर प्लायवूडचा फळा टाकतात आणि खाली ड्रॉवर बसवतात. दिसतं झकास. पण कॅबच्या उंचीचा शेल घेतलात तर हौद्याच्या तळापासून छतापर्यंत तीन फुटांहून थोडंच जास्त मिळतं. त्यातून फळ्याची आणि गादीची उंची वजा करा, सव्वादोन फूट उरतं. उठून बसता येत नाही. कपडे बदलायचे ते आडवं पडून. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत तुम्ही दोघं पालथे पडून लेकीला गोष्ट सांगताय, हे एखादी रात्र मजेचं वाटतं. छत उंच असलेले शेलही मिळतात, पण ते कॅबच्या वर येतात, वारा अडवतात, पेट्रोल जास्त पितात आणि कित्येक गॅरेजांच्या दारातून आत जात नाहीत.

तेव्हा झोपण्यासाठी शेल हा विचार तुमच्या ट्रकपुरता सोडून द्या. सहा फुटी हौदा असता तर निदान दोघांचं जमलं असतं. शेल म्हणजे कुलूपवालं झाकण, एवढंच धरून चाला. तेवढ्यासाठी तो हवा असेल तर उत्तम वस्तू आहे.

दुसरं वजनाचं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका, मग बोलू. फायबरग्लासचा शेल दीडशे ते दोनशे पौंडांचा असतो आणि तोही त्यातच धरायचा.

नदीकाठी

इकडे पुण्यात मित्राने इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला कॅनपी (तुमचा शेलच) बसवायचं काढलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या रचनेत मनाने बदल चालत नाही. त्यामुळे आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्याला विचारा असं करत शेवटी उत्साहच मावळला. तुमच्याकडे निदान नवरा-बायकोत ठरलं की झालं, नशीबवान आहात :)

निवांतपणी

नदीकाठी, आरटीओ परवडला हो :)

स्पॅनर_दादा, मनापासून आभार. टेप घेऊन खरंच मोजलं. नवरा टेलगेट लावून आत आडवा झाला आणि गुडघे पोटाशी घेऊन म्हणाला, "जमेल की." मी काही बोलले नाही.

स्टिकरवर १,०५० पौंड आहे. आम्ही दोघं मिळून ३२०, लेक ५०, सासू-सासरे २७०. म्हणजे ६४० झाले. शेलचे १७० धरले तर ८१०. उरले २४०. त्यात कूलर, पाण्याचे कॅन, बॅगा, खुर्च्या, स्टोव्ह. एवढ्यातच काटा लागेल असं दिसतंय. ट्रकला एवढंसंच वजन झेपतं हे माहीतच नव्हतं.

स्पॅनर_दादा

हिशोब बरोबर आहे. टकोमा दिसते दणकट, पण पाच माणसं बसली की मागे नेण्यासारखं फार उरत नाही. आता त्यात ड्रॉवर आणि फळा मिळून दोनशे पौंड घालून बघा, कूलरलाही जागा नाही. ड्रॉवरचा विषय इथेच संपला, असं नवऱ्याला सांगा.

आणखी एक, आणि हे गमतीत घेऊ नका. प्रवासात लेकीला मागे शेलमध्ये कधीही बसवू नका, ती कितीही मागे लागली तरी. तिथे पट्टा नाही हे एक. शिवाय गाडी धावताना शेलची मागची काच उघडी राहिली तर सायलेन्सरचा धूर उलटा आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री आत स्टोव्ह किंवा प्रोपेनचा हीटर लावायचा नाही, हेही त्याच कारणाने.

अस्वलांची_शेजारीण

मी डोंगरात, एस्टेस पार्क गावाजवळ राहते. शेलमध्ये खाणं ठेवून त्याच्या भरवशावर बाहेर झोपू नका. इकडची अस्वलं गाडीच्या दाराचा हँडल ओढायला शिकलीत आणि शेलचं मागचं दार त्याहून तकलादू. कापडी टॉपर मिळतात, हलके, पुढे घडी होणारे, तुमच्या मखरासाठी सोयीचेसुद्धा. पण अस्वलापुढे ते नसल्यातच जमा. कुलूपही नावालाच. खाणं, टूथपेस्ट, लेकीचा चिवड्याचा डबा, सगळं रात्री अस्वल-पेटीत (अस्वलाला उघडता येत नाही अशा लोखंडी पेटीत), पेटी नसेल तर कॅबमध्ये काचा वर करून आणि दारं लॉक करून.

मल्च_आणि_मखर

काढ-घालीबद्दल मी सांगते, आमचंही रडगाणं हेच होतं. शेल क्लॅम्पने हौद्याच्या कडेला धरलेला असतो, भोकं पाडावी लागत नाहीत. क्लॅम्प सैल करायचे, ब्रेक लाइटच्या वायरीचा प्लग काढायचा, की शेल सुटतो. सोडवायला फार वेळ लागत नाही, खरा प्रश्न उचलण्याचा. अॅल्युमिनियमचा असेल तर दोन धडधाकट माणसं पुरतात, फायबरग्लासला चार बोलवा आणि चहा ठेवा. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे काढलेला शेल ठेवायचा कुठे? अंगणात नुसता ठेवला तर आपल्याकडच्या वाऱ्याने सरकतो. आम्ही गॅरेजच्या छताला चार पट्ट्यांची कप्पी लावली. ट्रक खाली आणायचा, हँडल फिरवायचं, शेल वर. आता नवरा एकटा करतो. गॅरेजच्या छताची उंची आणि आढ्याची ताकद मात्र आधी बघून घ्या.

मल्चला वर्षातून एकदा काढायचा, गणपतीला एकदा. बाकी वेळ बसवलेला. तुमच्या मंडळाला हेही सांगा की मखर घडीचं करा :)

गारांचं म्हणाल तर अॅल्युमिनियमला पोचे येतात, फायबरग्लासवर मोठी गार बसली तर वरचा थर तडकतो. दोन्ही पाहिलंय. इन्शुरन्सवाल्याला फोन करून शेल नंतर बसवलेला भाग म्हणून पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर भरपाईच्या वेळी नुसत्या ट्रकचे पैसे हातात ठेवतील.

निवांतपणी

सगळ्यांचे आभार. काल सगळा धागा त्याला वाचायला दिला. ड्रॉवर गेले, झोपायचं गेलं, तंबू राहिला. त्याच्या चेहऱ्यावर थोडं सुतक आहे, पण शेल हवाच म्हणतो आणि आता मलाही पटतंय. सासू-सासऱ्यांच्या बॅगा कोरड्या राहतील, स्कीचं सामान रस्त्यावरच्या मिठाच्या चिखलातून वाचेल. नवीन मात्र घेणार नाही, त्या पैशात भारताचं एक तिकीट होतं. डेन्व्हरजवळच लिटलटनला एक जुना अॅल्युमिनियमचा पांढरा शेल दिसलाय, आमचा ट्रक करडा आहे. चालेल. शनिवारी बघायला जातोय. काय काय बघून घेऊ?

स्पॅनर_दादा

पहिलं, तो कोणत्या वर्षाच्या टकोमावरून काढलाय ते विचारा. २०१६ ते २०२३ एकच पिढी, त्यातला पाच फुटीवरचा असेल तर नीट बसेल. २००५ ते २०१५ चा कोणी "बसतो हो" म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, कडा जुळत नाहीत आणि पाणी आत येतं. खालची रबराची पट्टी कडक झाली असेल तर नवी लावायची, स्वस्त असते. मागची काच उचलून हात सोडा. खाली आली तर ती धरून ठेवणाऱ्या गॅसच्या दांड्या गेल्यात, त्याही बदलता येतात. छताच्या आतल्या कोपऱ्यांत पाण्याचे डाग आहेत का बघा. पाईप लावून वरून पाणी मारायला सांगा, मालक नको म्हणाला तर काय ते समजा.

शेलची पुढची काच उघडता किंवा खाली पाडता येणारी असेल तर दोन पैसे जास्त द्या. नसेल तर कॅबची मागची काच आणि शेलची पुढची काच यांच्या फटीत धूळ बसते, तिथे हात पोचत नाही आणि आरशातून मागचं दिसायचं बंद होतं.

तुमच्या टकोमाच्या हौद्याचा आतला भाग पत्र्याचा नाही, कॉम्पोझिटचा आहे. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका. थोडं चालवून झालं की पुन्हा एकदा तपासा. तिसरा ब्रेक लाइट चालू हवाच. १९९४ पासूनच्या पिकअपना तो बंधनकारक आहे आणि शेलमुळे कॅबवरचा झाकला जातो. चाव्या किती आहेत तेही विचारा, बऱ्याचदा एकच निघते.

घाटवेडा

फोटो राहिले.