बेन ग्रिम ज्यू आहे हे चाळीस वर्षं का सांगितलं नाही?

आर्वीकडची:
आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. भाऊ नागपूरला शिकायला होता, सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुने इंग्रजी कॉमिक्स आणायचा. कापूस वेचून आल्यावर बोटं बोंडांनी ओरबाडलेली असायची, तरी मी पानं उलटत बसायची. ‘फँटॅस्टिक फोर’मधला दगडी अंगाचा बेन ग्रिम माझा जीव की प्राण. तो ज्यू आहे हे मला यंदा कळलं! पात्र आलं १९६१ साली, अंकात उघड सांगितलं २००२ मध्ये. लहानपणी गहाणवटीच्या दुकानातून चोरलेला, ज्यूंची खूण असलेला सहा टोकांचा तारा तो परत द्यायला जातो. म्हातारा दुकानदार जखमी होऊन पडतो, तो गेला असं वाटून बेन हिब्रू प्रार्थना म्हणतो. म्हातारा डोळे उघडून विचारतो, ज्यू असल्याची लाज वाटते का रे? बेन म्हणतो, तसं नाही, पण ज्यू म्हणजे माझ्यासारखे राक्षस असं लोकांना वाटायला नको. मला पुढं वाचवेना. एवढा ओझरता उल्लेख पुरतो का?

पांढरकवडा:
ताई, माह्या काळजाले लागलं हे. पुण्यात कॉलेजले होतो तं मेसमधी तोंडच उघडत नव्हतो. लाज नव्हती बाप्पा. माह्या हातून काही चुकलं तं ‘हे विदर्भातले असेच’ म्हणतीन, याचं भेव. मायचा फोन आला का गच्चीवर जाऊन बोलत होतो.

मूर्तिजापूरचा मास्तर:
बेनला घडवणारे दोघंही ज्यू. जॅक कर्बी म्हणजे जेकब कुर्ट्झबर्ग, स्टॅन ली म्हणजे स्टॅन्ली लीबर. त्यांनी स्वतःचीच नावं बदलली होती, मग पात्राचं काय सांगणार? पण ताई, मला ओझरतं पुरत नाही. ‘बूट पॉलिश’ सिनेमातले (१९५४) जॉन चाचा आठवा. ते काम करणारे डेव्हिड आपल्या बेने इस्राएल या ज्यू समाजातले, पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. या समाजाची मातृभाषा मराठी. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. तो बंद घाणा, त्या दिवशीचं घर, जेवण गोष्टीत यायला हवं. नुसतं नाव सांगून माणूस दिसत नाही.

आर्वीकडची:
पटलं, सर. दादा, तुमच्यासाठी त्या गोष्टीतलं पुढचं सांगते. म्हातारा बेनला ज्यू दंतकथेतल्या गोलेमची आठवण देतो. मातीचा होता, म्हणतो, पण राक्षस नव्हता, राखणदार होता.