स्टॉप, रिमेंबर आणि फसवा टु
ताई, इंग्रजीत कोणत्या क्रियापदापुढे 'टु' आणि कोणत्यापुढे 'आयएनजी' लावायचं असं विचारलंत, त्यावर वर कुणीतरी क्रियापदांची यादी पाठ करायला सांगितलीय. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिशपुढे आयएनजी आणि वॉन्ट, डिसाइड, होपपुढे टु, एवढ्यापुरती ती ठीक. अडतं ते स्टॉपपाशी. 'ही स्टॉप्ड टु बाय चटणी' म्हणजे सोलापूरच्या नव्या पेठेत शेंगा चटणी घ्यायला तो थांबला. 'ही स्टॉप्ड बाइंग चटणी' म्हणजे घेणंच बंद केलं. रिमेंबरला टु लावलं तर आठवतं तेव्हा काम अजून व्हायचं असतं, आयएनजी लावलं तर होऊन गेलेलं असतं.

नोकरीच्या अर्जातली 'लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' ही चूक मात्र नक्की टाळा. हा टु शब्दयोगी अव्यय आहे. त्याच्यापुढे 'युअर रिप्लाय' ठेवून बघा. नाम बसलं की क्रियापदाला आयएनजीच, म्हणून 'टु मीटिंग यू'. 'डिसाइड टु'पुढे असं नाम बसतच नाही.