वाफा रिकामा पडलाय तरी "माझाच"! काढून घ्यायचा का?

वाफा_नऊ: कोथरूडला आमच्या गल्लीच्या टोकाला ॲमेनिटी स्पेसचा (बांधकामाच्या वेळी सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला सोडलेली जागा) तुकडा आहे, तिथे रहिवाशांनी मिळून पाच वर्षांपूर्वी भाजीची बाग सुरू केली, १४ वाफे, १४ घरं. आता वेटिंगला २२ नावं आहेत आणि चार नंबरच्या वाफ्यात काँग्रेस गवत कंबरेएवढं झालंय. काका मुलाकडे अमेरिकेत. फोन केला की "राहू दे गं, आलो की बघतो". माझं म्हणणं एवढंच की दर जूनला चिठ्ठ्या टाका, आणि महिनाभर कोणी फिरकलं नाही तर पुढच्या नंबरला देऊन टाका. यात काय चुकलं?

जुना_खुरपेवाला: ताई, तुम्ही आलात तेव्हा जमीन तयार होती. आम्ही सुरुवात केली तेव्हा तिथे नुसता राडारोडा होता, टेम्पो भरभरून बाहेर काढला, मग रसवंतीवरनं उसाची चिपाडं आणून थर दिले, वर पालापाचोळा, वर शेण-गूळ कालवून ओतलं, तेव्हा कुठे तीन पावसाळ्यांनी माती भुसभुशीत झाली. दर जूनला चिठ्ठी काढणार म्हणजे मी केलेली माती दुसऱ्याला आणि माझ्या वाट्याला मुरूम? मग खत घालणार कोण? आणि माझं कढीपत्त्याचं झाड काय उपटून नेऊ?

पायरीवरची_मांजर: मला वाफाबिफा नकोय, संध्याकाळी आईला घेऊन जरा बसायचंय. पण गेटला कुलूप आणि किल्ल्या तिघांकडेच. २०२१ ला महापालिकेत ॲमेनिटी स्पेस लांब मुदतीने भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला होता, आठवतंय? तेव्हा याच गल्लीतले लोक "मोकळ्या जागा नागरिकांच्या" म्हणून सह्या घेत फिरत होते, मीही केलेली. आता मी नागरिक नाही का? न्यूयॉर्कमध्ये सरकारी जागेवरच्या अशा बागांसाठी १९७८ पासून ग्रीनथम्ब नावाची योजना आहे, तिथे अटच आहे की सीझनमध्ये आठवड्याला निदान २० तास गेट सगळ्यांना उघडं पाहिजे.

जुना_खुरपेवाला: उघडं ठेवलं होतं की सुरुवातीला. आधी वांगी गेली, मग झारी, मग अख्खा पाइप. २० तास बसणार कोण, तुम्ही?

पायरीवरची_मांजर: हो, बसते. रोज पाच ते सात. लिहून घ्या.

सरळ_हिशेब: एवढी डोकेफोड कशाला, उद्यान विभागाकडे देऊन मोकळे व्हा. माळी येईल, वॉचमन येईल.

वाफा_नऊ: आणि लॉन येईल, ओपन जिम येईल. मेथी जाईल. सार्वजनिक उद्यानात मुळा लावून बघा एकदा.

सरळ_हिशेब: मग रीतसर संस्था तरी करा. एम्प्रेस गार्डन ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी चालवतेच ना, तिकीट आहे, जानेवारीत फुलांचं प्रदर्शन असतं. तुमच्याकडे पाण्याचे पैसे कोण भरतं हे तरी कुणाला माहितेय का?

वाफा_नऊ: बोअर शेजारच्या सोसायटीची, घरटी महिना दोनशे, वहीत मांडतात. वही कुणाकडे ते विचारू नका :) (खुरपेवाले काका, तुमच्याकडेच.)

मधली_आळी: एलिनॉर ऑस्ट्रॉम म्हणून बाई होत्या, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल. सामायिक कुरणं, कालवे, मासेमारी, असलं वर्षानुवर्षं टिकतं कसं हाच त्यांचा अभ्यास. टिकलेल्या ठिकाणी त्यांना दिसलं की नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचा हात असतो, आणि दंड आधी हलका असतो, मग वाढत जातो. थेट वाफा काढणं म्हणजे एकदम फाशीच झाली. आधी वहीत शेरा मारा, मग सीझनपुरता दुसऱ्याला करायला द्या, तरीही नाहीच आले तर काढा.

वाफा_नऊ: पटलं, पण वापरणारे म्हणजे १४ की ३६? मीटिंगला १४ च असतात, ते काय स्वतःच्या वाफ्याविरुद्ध हात वर करणारेत? आणि "वापर" म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नाही. जर्मनीत अशा बागांसाठी १९८३ चा अख्खा कायदा आहे, वाफा ४०० चौरस मीटरच्या वर नाही आणि साधारण तिसरा हिस्सा तरी फळं-भाज्या हव्यात. आपल्याकडे एक कुंडी ठेवली तरी वापर.

जुना_खुरपेवाला: बरं, चार नंबरला मी फोन करतो, माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते. या सीझनला गवत काढून वेटिंगमधल्या पहिल्याला करू दे. पण चिठ्ठ्या नाही म्हणजे नाही. पाच वर्षांनी वाफा सोडायचा असं ठरवा, मी पहिला सही करतो.

वाफा_नऊ: तीन. माती व्हायला तीन पावसाळे लागतात हे तुमचंच.

जुना_खुरपेवाला: अहो मग चौथ्या पावसाळ्यात खायचं कोणी?

पायरीवरची_मांजर: ते तुम्ही ठरवा हो निवांत. किल्ली कधी देताय?