निर्वासिताला कर्ज द्यायचं तर तारण काय धरायचं?

कोपरीकर
परवा ठाणे स्टेशनबाहेर एका तिबेटी बाईकडून मफलर घेतला. सुट्ट्यासाठी ताटकळलो, तेव्हा दिसलं की तिच्या डोक्यावरचा दिवा शेजारच्या दुकानातून वायर ओढून लावलाय. भाडं रोजचे तीस रुपये. माल लुधियानाहून उधारीवर. हंगाम संपला की हिशेब चुकता, तारण म्हणून शब्द. या लोकांची ही रीत जुनी आहे. व्यापारी ज्यांना विश्वासावर गठ्ठेच्या गठ्ठे माल देतो, त्यांना बँक दहा हजार द्यायला तयार नाही.

माझं म्हणणं असं, की निर्वासितांना चादरी नि धान्य वाटण्यापेक्षा धंद्याला छोटं कर्ज द्या, जोडीला स्वच्छ ऊर्जेचं साधन, म्हणजे सौर दिवा किंवा सौर शिलाई मशीन. साडेतीन हजारांचा दिवा चार महिन्यांच्या भाड्यात फिटतो. केनियातली काकुमा ही निर्वासितांची छावणी १९९२ पासूनची. जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २०१८ मध्ये तिथला बाजार मोजला, तर दोन हजारांवर दुकानं आणि वर्षाला सुमारे ५.६ कोटी डॉलरचा व्यवहार निघाला. छावणीत!

घणसोलीचा
केनिया राहू द्या, पामबीच रोडवर या. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा आम्ही कोण होतो? १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात उरणकडे गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट पुढे सरकली. माझी आत्या अजून मासळीची पाटी घेऊन बसते. खाडीत मासळी उरली नाही, बर्फाचा खर्च मासळीपेक्षा जड. तिला सौर शीतपेटी द्यायला कोण आलं? आधी घरचं बघा, मग तिबेट.

निवृत्त_कॅशियर
भावनेचं नंतर बघू. बँकेत ओळखीला सहा कागद चालतात: पासपोर्ट, लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, लोकसंख्या नोंदणीचं पत्र. यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड त्यात नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ‘निर्वासित’ असा वेगळा रकानाच आपल्या कायद्यात नाही. तिबेट्यांचं थोडं बरं. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, शिवाय २०१४ च्या पुनर्वसन धोरणात त्यांना व्यवसायाला मुभा द्यावी असं राज्यांना सांगितलंय. बाकी अफगाण, रोहिंग्या वगैरेंची फाईल माझ्या टेबलावर आली असती, तर मी उघडलीही नसती. दुष्टपणा नव्हे, नोकरी होती.

कॅम्प_नंबर_पाच
मी उल्हासनगरचा सिंधी, शाळा मराठी. आजोबा कराचीहून आले ते कल्याणच्या लष्करी बराकीत उतरले. बराकीत मध्ये पडदे टाकून चार कुटुंबं. १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं, तोवर आजी पापड लाटत होती नि आजोबा लोकलमध्ये ते विकत होते. डब्यातले लोक तेव्हाही म्हणायचे, ‘आधी घरचं बघा.’ घणसोलीचा, राग मानू नका, पण वाक्य तेच आहे.

आणि हो, सरकारने १९४८ मध्ये कायदा करून खास निर्वासितांना कर्ज द्यायला संस्था काढली होती, पुनर्वसन वित्त प्रशासन. आज जीन्स नि फर्निचर घ्यायला येता ना, त्यामागे पापड होते तसं कर्जही होतं.

निवृत्त_कॅशियर
तुमचे आजोबा या देशाचे नागरिक झाले. मतदार यादीत नाव, नुकसानभरपाईला १९५४ चा कायदा. फरक पैशाचा नाही, कागदाचा आहे.

ऐरोलीची_ताई
मी बारा वर्षं बचतगट चालवते, दोन गोष्टी बोलते.

पहिली, ‘छोटं कर्ज’ ऐकायला गोड. आमच्या गल्लीत मंगळवारी हप्तेवाला येतो. एकीचा चुकला तर बाकी नऊजणी तिच्या दारात. निर्वासित बाईला ना माहेर, ना सासर, ना दागिना. ती एका सावकाराचं फेडायला दुसऱ्याकडे जाईल. लुधियानावाला उधारी देतो कारण तो मालातला माणूस आहे, स्वेटर विकला जाणार की नाही हे त्याला कळतं. हप्तेवाल्याला फक्त मंगळवार कळतो.

दुसरी, कोपरीकर, तुमच्या मफलरवाल्या बाईने पॅनल ठेवायचं कुठे? फुटपाथवर? अतिक्रमणाची गाडी आली की दिवा, पॅनल, गठ्ठा सगळं एकदम वर. नि ती राहते भाड्याच्या खोलीत. छपरावर सौर पॅनल बसवायच्या सूर्यघर योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, पण छप्पर स्वतःचं लागतं. ते तर माझंही नाही.

कोपरीकर
ताई, पॅनलचं मान्य, मी घरबसल्या हिशेब केला. दिवसा कुठेतरी चार्ज करून संध्याकाळी भाड्याने बॅटरी, असं हवं. पण वीज आल्याने फरक पडतो हेही खरं. जॉर्डनमधल्या सीरियन निर्वासितांच्या झातारी छावणीत २०१७ मध्ये १२.९ मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला, नि घरातली वीज आठ तासांवरून चौदापर्यंत गेली.

निवृत्त_कॅशियर
त्याच जॉर्डनने २०१६ पासून सीरियन लोकांना कामाचे परवाने द्यायला सुरुवात केली होती, तेही सांगा. युगांडाने तर २००६ च्या कायद्यातच कामाची नि फिरण्याची मुभा दिली. परवाना नसेल तर चौदा तास वीज घेऊन माणूस काय करणार, मोबाईल चार्ज करणार.

घणसोलीचा
कॅम्पवाले, राग नाही. तुमच्या आजोबांना कोणी डब्यातून ढकललं असेल तर वाईट वाटलं. पण एक सांगा, कर्ज मिळालं, कारखाने झाले, नि वालधुनी नदीचा रंग काय केलात तुम्ही? जीन्स धुऊन निळी केली. ‘स्वच्छ’ शब्द तेव्हा कुठे होता?

कॅम्प_नंबर_पाच
हे मात्र लागलं. खरं आहे. कर्ज देताना धुलाईचं पाणी कुठे जाणार हे कोणीच विचारलं नाही, आम्हीही नाही.

ऐरोलीची_ताई
घणसोलीचा, तुमच्या आत्या कुठल्या बाजारात बसतात? ती भाड्याची बॅटरी नि शीतपेटीचं गटातून करता येतंय का बघते. तिबेटी बाईंना पण विचारा कोणीतरी, दिव्याच्या रोजच्या तिसाऐवजी किती द्यायला परवडतील ते.

घणसोलीचा
गावच्याच बाजारात, सकाळी सातला. पण तिला ‘सौर’ म्हणू नका, ‘बर्फ वाचवणारी पेटी’ म्हणा.